सायकलपटूचा पगार आणि शर्यतीचे बक्षीस

दर वर्षी फ्रान्समध्ये तीन आठवडे चालणारी ‘टूर दी फ्रान्स’ ही जगातील सर्वांत प्रतिष्ठित सायकल शर्यत मानली जाते. तिच्या विजेत्याला ५ लाख युरो, दुसऱ्या क्रमांकाला २ लाख आणि तिसऱ्याला १ लाख युरो मिळतात. एखादा टप्पा, म्हणजे एका दिवसाची शर्यत, जिंकणाऱ्याच्या वाट्याला ११ हजार युरो येतात आणि एकूण वेळेत आघाडीवर असल्याची खूण असलेली पिवळी जर्सी एका दिवसासाठी मिळाली, तर त्याबद्दल ५०० युरो दिले जातात. व्यावसायिक सायकलपटूंच्या कमाईचा विचार करताना हेच आकडे डोळ्यांसमोर येतात. परंतु त्यांचे खरे उत्पन्न बक्षिसांतून नव्हे, तर संघाशी झालेल्या करारातून येते आणि त्या करारांचे अर्थकारण समजून घेण्यासाठी नेदरलँड्सइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

बक्षिसाची रक्कम विजेत्याच्या एकट्याच्या खिशात जात नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या योनास विंगेगोरने ‘युम्बो-व्हिस्मा’ या डच संघाकडून टूर दी फ्रान्स जिंकली, तेव्हा त्याच्या आठ जणांच्या संघात विल्को केल्डरमन आणि डायलन फान बार्ले हे दोन डच सायकलपटू होते. फान बार्लेने आदल्याच वर्षी ‘पॅरिस-रूबे’ ही मानाची एकदिवसीय शर्यत स्वतः जिंकली होती, तरीही या तीन आठवड्यांत त्याचे काम नायकाला मदत करण्याचे होते. पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवणाऱ्याला वाऱ्याचा विरोध कितीतरी कमी सोसावा लागतो. म्हणून सहायक सायकलपटू तासन्‌तास पुढे राहून वारा अंगावर घेतो, मागे येणाऱ्या संघाच्या मोटारीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीच्या पाठीमागील खिशांत कोंबतो आणि पुन्हा वेग वाढवून त्या सहकाऱ्यांना पोहोचवतो. विजय असा सर्वांच्या कष्टांतून घडत असल्यामुळे बक्षिसाची रक्कम एकत्र करून ती सहकाऱ्यांत आणि मालिश करणारे, मेकॅनिक अशा कर्मचाऱ्यांतही वाटून घेण्याची प्रथा या खेळात रूढ आहे.

मग पगाराचा पैसा येतो कोठून? फुटबॉलच्या क्लबला तिकीटविक्रीचे उत्पन्न असते. सायकल शर्यत मात्र सार्वजनिक रस्त्यावर होते, ती पाहायला तिकीट लागत नाही आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे प्रामुख्याने आयोजकांकडे जातात. त्यामुळे संघांचा जवळजवळ सर्व खर्च प्रायोजक कंपन्यांवर चालतो आणि संघाला नावही त्यांचेच असते. राबोबँक या डच बँकेने १९९६ पासून चालवलेल्या संघाचे प्रायोजकत्व ऑक्टोबर २०१२ मध्ये, अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या उत्तेजक द्रव्य प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध झाल्यानंतर, सोडण्याचे जाहीर केले. पुढे हाच संघ ब्लँको, बेल्किन, लोटोएनएल-युम्बो, युम्बो-व्हिस्मा अशी नावे बदलत आज ‘व्हिस्मा-लीज अ बाइक’ म्हणून ओळखला जातो. ज्या संघाने २०२३ मध्ये इटली, फ्रान्स आणि स्पेन येथील तिन्ही महाशर्यती जिंकल्या, त्यालाही त्याच वर्षी दुसऱ्या संघात विलीन होण्याची बोलणी करावी लागली, यावरून ही व्यवस्था किती नाजूक आहे, हे दिसते. प्रायोजकाने हात आखडता घेतला तरी पगार अगदीच बुडू नयेत, यासाठी आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ, म्हणजे यूसीआय, संघांकडून आगाऊ बँक हमी घेतो.

वर्ल्ड टूर ही या खेळातील सर्वोच्च श्रेणी असून तीत पुरुषांचे १८ संघ आणि प्रत्येक संघात साधारण ३० सायकलपटू असतात. शिखरावरच्या मोजक्यांचे करार गोपनीय असले, तरी स्लोव्हेनियाच्या ताडेय पोगाचारला वर्षाला सुमारे ८० लाख युरो मिळतात, असे युरोपीय वृत्तपत्रे सांगतात. दुसऱ्या टोकाला किमान वेतनाची रेषा आहे. सायकलपटूंची संघटना आणि संघांची संघटना यांच्यातील करारानुसार ही रेषा ठरते आणि २०२४ मध्ये ती नोकरीत असलेल्या पुरुषांसाठी वर्षाला ४२,०४७ युरो होती. त्याच काळात नेदरलँड्समधील सर्वसामान्य नोकरदाराचे वार्षिक उत्पन्न सुमारे ४४,००० युरो मानले जात होते. जगातील सर्वांत कठीण खेळांपैकी एकाच्या सर्वोच्च श्रेणीत पोहोचलेला, पण किमान वेतनावर असलेला सायकलपटू उत्पन्नाच्या दृष्टीने एखाद्या साध्या नोकरदाराच्या बरोबरीचाच असतो. नेदरलँड्समध्ये उत्पन्नाच्या वरच्या भागावर ४९.५ टक्के कर असल्यामुळे मोठी कमाई करणारे अनेक सायकलपटू मोनॅको किंवा अँडोरा येथे राहणे पसंत करतात.

एके काळी पगाराच्या बरोबरीने महत्त्वाचे असलेले एक साधन नेदरलँड्समध्ये अजून टिकून आहे, ते म्हणजे गावोगावच्या छोट्या फेऱ्यांच्या शर्यतींतील हजेरीचे मानधन. टूर दी फ्रान्स संपल्यावर लगेच येणाऱ्या बुधवारी ब्राबांट प्रांतातील खाम या गावात अशी शर्यत भरते आणि गर्दी खेचणाऱ्या नामांकितांना केवळ उपस्थितीसाठी पैसे दिले जातात. पूर्वी पगार तुटपुंजे असल्यामुळे फ्रान्समध्ये चमकलेला सायकलपटू उन्हाळाभर गावोगाव फिरून वर्षाची बेगमी करीत असे.

या सर्व अर्थकारणाचा सर्वांत महत्त्वाचा अध्याय मात्र स्त्रियांनी लिहिला आहे आणि त्यात डच स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये बेल्जियममधील ‘ओमलूप हेट न्यूसब्लाड’ या शर्यतीत पुरुष विजेत्याला १६,००० युरो मिळाले. त्याच दिवशी स्त्रियांची शर्यत जिंकणाऱ्या डच विश्वविजेत्या आना फान डर ब्रेखन हिला ९३० युरो मिळाले. ही विषमता केवळ बक्षिसांपुरती नव्हती, कारण कित्येक व्यावसायिक स्त्री सायकलपटूंना पगारच नव्हता. या परिस्थितीविरुद्ध डच सायकलपटू इरिस स्लाप्पेन्डेल हिने आपल्या दोन सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये ‘द सायक्लिस्ट्स अलायन्स’ ही संघटना उभारली. यूसीआयने २०२० पासून स्त्रियांच्या वर्ल्ड टूर संघांसाठी १५,००० युरोंचे किमान वेतन लागू केले. ते २०२३ मध्ये ३२,१०२ आणि २०२४ मध्ये ३५,००० युरोंवर गेले. प्रसूतीसाठी तीन महिने पूर्ण आणि पुढे पाच महिने अर्ध्या पगाराची तरतूदही याच सुधारणांत झाली.

२०२२ मध्ये स्त्रियांची टूर दी फ्रान्स नव्या रूपात सुरू झाली आणि ती जिंकणाऱ्या डच आनेमीक फान फ्लूटनला ५० हजार युरो, म्हणजे पुरुष विजेत्याच्या बक्षिसाचा दहावा भाग मिळाला. पुढच्या वर्षीची विजेती डेमी फॉलरिंग हिने पूर्णवेळ सायकलपटू होण्यापूर्वी फुलांच्या व्यवसायात काम केले होते. २०२४ मध्ये रॉटरडॅमहून निघालेल्या या शर्यतीत तीच फॉलरिंग अवघ्या ४ सेकंदांनी दुसरी आली, तरी तिच्या निर्वाहाला धक्का लागला नाही. कारण निश्चित पगार हाच तिच्या उत्पन्नाचा पाया बनलेला होता. किमान वेतनाचे खरे मोल यातच आहे, कारण त्यामुळे चार सेकंदांवर कोणाची रोजीरोटी अवलंबून राहत नाही.

वर्ल्ड टूरच्या पायऱ्या उतरत गेल्यावर मात्र हे संरक्षण संपते. कॉन्टिनेंटल या खालच्या श्रेणीतील संघांवर यूसीआयने किमान वेतनाचे बंधन घातलेले नाही, त्यामुळे तेथील पुष्कळ तरुण पगाराविना किंवा नाममात्र भत्त्यावर शर्यती करतात आणि नेदरलँड्सही याला अपवाद नाही. मुंबई-पुणे शर्यतीतील ‘घाटाचा राजा’ या किताबाचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या महाराष्ट्रात आता आंतरराष्ट्रीय दर्जाच्या शर्यती भरवण्याचे प्रयत्न होत आहेत. या प्रयत्नांतून येथे व्यावसायिक संघ उभे राहायचे असतील, तर मोठ्या बक्षिसांच्या घोषणांपेक्षा सायकलपटूला दरमहा मिळणारा पगार, विमा आणि करार यांची तरतूद आधी व्हायला हवी. कारण खेळाची प्रतिष्ठा विजेत्याला मिळणाऱ्या धनादेशावरून नव्हे, तर शेवटच्या क्रमांकावरील सायकलपटूला मिळणाऱ्या वेतनावरून मोजली पाहिजे.