बदक, कावळा आणि बुटाचं पॉलिश

जपानी कार्टून म्हटलं की आपल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. डोळे बशीएवढे, केस निळे, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी कुणालातरी उडवतंय! पण नेदरलँड्समध्ये संसार मांडलेल्या आपण लोकांनी एक जपानी मालिका तरी मन लावून पाहावी असं आम्हाला वाटतं. कारण ती अर्धी इथलीच आहे. नाव ‘आल्फ्रेड योडोकुस क्वाक’. उट्रेख्तचे गायक-विदूषक हेर्मान फान फेन यांनी १९७६ साली रंगमंचावर आणलेलं हे पिवळं बदक १९८९ मध्ये बावन्न भागांची मालिका होऊन पडद्यावर आलं. चित्रं जपानी कलाकारांची, दिग्दर्शक हिरोशी साइतो, आणि पैसा जपानी, जर्मन, डच असा सगळ्यांचा मिळून. त्या काळात इथे वाढलेली आपली मुलं आता स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांना शीर्षकगीत अजून पाठ असेल.

इथे ही मालिका दाखवली ती ‘वारा’ने. आता वारा म्हणजे काय, हे नव्याने आलेल्यांना सांगायला हवं. या देशात पूर्वी समाजाचे उभे खांब होते. कॅथलिकांची शाळा, दवाखाना, वर्तमानपत्र, रेडिओ वेगळा, प्रोटेस्टंटांचं सगळं वेगळं, समाजवाद्यांचंही वेगळं. केआरओ कॅथलिकांची, एनसीआरव्ही प्रोटेस्टंटांची आणि १९२५ साली स्थापन झालेली वारा कामगारांची. म्हणजे हे बदक देवळातून आलेलं नाही, लाल झेंड्याच्या बाजूने आलेलं आहे. तरीही ते पाहताना बायबल पावलोपावली आठवतं. या देशात चर्चला न जाणाऱ्याच्या बोलण्यातही बायबल असतंच, जसं देव न मानणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडीसुद्धा तुकोबा येतात.

सुरुवातच बघा. क्वाक कुटुंब एका लाकडी क्लॉम्पमध्ये, म्हणजे डच खडावेत म्हणा, राहतं. त्यांच्या कुरणावर करमणुकीचं उद्यान होणार म्हणून त्यांना घर सोडावं लागतं. धरणग्रस्त आणि गिरणीच्या चाळी पाहिलेल्यांना यात नवीन काय! नव्या जागेच्या शोधात निघालेलं सगळं कुटुंब रस्त्यावर मोटारीखाली जातं. वाचतो एकटा आल्फ्रेड. त्याला उचलून घरी नेतो हेंक, एक मोल. (हा जमिनीखाली बिळं करणारा प्राणी आपल्याकडे दिसत नाही, चिचुंद्रीचा लांबचा नातलग समजा.) ना जात एक, ना पिसं. लूकच्या शुभवर्तमानात दयाळू शोमरोन्याचा दाखला आहे. वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला याजक आणि लेवी टाळून पुढे जातात, आणि ज्याला यहुदी लोक हलका समजत तो शोमरोनी त्याला उचलतो. येशूला विचारलेलं असतं, ‘माझा शेजारी कोण?’ येशू प्रश्नच फिरवतो: शेजारी कोण झाला, ते तू सांग. हेंक शेजारी ‘होतो’.

पण मालिकेचा खरा जीव आहे तो खलनायकात. डोल्फ नावाचा कावळा, आल्फ्रेडच्या शाळेतला. नाव कुणावरून घेतलं ते सांगायला नको. मोठा होऊन तो ‘राष्ट्रीय कावळा पक्ष’ काढतो, गणवेश शिवतो आणि देश ताब्यात घेतो. हे सगळं लहान मुलांच्या कार्यक्रमात! त्याची गोम अशी की त्याची आई कावळी नसून ब्लॅकबर्ड, म्हणजे आपल्या कस्तुराच्या कुळातली. तिच्यावरून त्याची चोच पिवळी. ती लपवायला तो रोज चोचीला बुटाचं काळं पॉलिश लावतो. शुद्ध कावळ्यांचं राज्य मागणारा स्वतः अर्धाच कावळा!

संत ऑगस्टीनने म्हटलं होतं की वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, ती चांगल्याची उणीव आहे. याउलट इथल्या कॅल्विनपंथी घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेला १५६३ चा हायडेलबर्ग प्रश्नोत्तरग्रंथ सांगतो की माणसाचा मूळ ओढाच शेजाऱ्याचा द्वेष करण्याकडे आहे. डोल्फची कथा आम्हाला ऑगस्टीनच्या बाजूची वाटते. द्वेष त्याच्या रक्तात नाही, तो पॉलिशच्या डबीत आहे. आईला नाकारलं तिथून सगळं सुरू झालं.

पुढे विनी येते. काळी बदकीण. तिचं कुटुंब आत्राफा नावाच्या देशातून पळून आलेलं, कारण तिथे पांढऱ्या हंसांचं राज्य. आल्फ्रेड तिच्या प्रेमात पडतो. नेल्सन मंडेला फेब्रुवारी १९९० मध्ये सुटले, म्हणजे मुलं हे भाग पाहत होती तेव्हा मोठ्यांच्या बातम्यांतही तेच चाललं होतं.

आणि इथे धर्माचा प्रश्न टोकदार होतो, कारण वर्णभेदाची पोथी मुळात चर्चमध्ये लिहिली गेली. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ च्या केप सभेने, काही गोऱ्या सभासदांना जड जातं म्हणून, काळ्यांसाठी वेगळं प्रभुभोजन चालेल असं ठरवलं. म्हणजे सोय म्हणून पंगत वेगळी. १८८१ मध्ये चर्चच वेगळं झालं. १९४८ साली वर्णभेदाचं राज्य आणणारे मलान हे स्वतः पाद्री, त्यांची डॉक्टरेट उट्रेख्तची; फेरवुर्ट तर जन्माने आम्स्टरडॅमचे. आब्राहाम कायपर यांनी १८८० साली फ्राये विद्यापीठाच्या उद्घाटनात मांडलेला ‘आपापल्या वर्तुळात स्वायत्तता’ हा विचार तिकडे वंशांच्या वर्तुळांना लावला गेला.

पण औषधही त्याच घराण्यातून आलं. आलन बूसाक हे तिथले पाद्री इथे कांपनला शिकून १९७६ मध्ये डॉक्टर झाले. १९८२ साली ओटावाला जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चनी वर्णभेदाला पाखंड ठरवलं, आणि त्याच सभेत बूसाक अध्यक्ष झाले. त्याच वर्षी केपटाऊनजवळच्या बेलहारमध्ये, त्या वेगळ्या काढलेल्या चर्चने आपला कबुलीजबाब लिहिला: देव पीडितांच्या बाजूला उभा आहे, चर्चनेही तिथेच उभं राहावं.

वेगळी पंगत म्हटल्यावर मराठी माणसाने मान खाली घालावी हेच बरं. बाबा आढावांना १९७२ साली ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली होती. आणि अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातल्या भाषणात भारतीय ख्रिस्ती चिंतनालाच विचारलं, की तुमची सगळी तत्त्वचर्चा ब्राह्मणी ग्रंथांशी, मग शूद्रांच्या दुःखाशी कधी बोलणार?

मालिकेत आम्हाला खटकतं तेही सांगतो. वंश दाखवायला वेगवेगळे पक्षी घेतले की मुलाला वाटतं, वंश म्हणजे बदक आणि कावळ्याइतका खरा फरक. दुसरं, अन्याय दाखवला तो दूरच्या आत्राफात. सुरिनाम, इंडोनेशिया यांचं काय? गुलामगिरीबद्दल डच सरकारची माफी यायला १९ डिसेंबर २०२२ उजाडावं लागलं. मालिका सुरू झाली तेव्हा दर डिसेंबरला रस्त्यावर तोंडाला काळं फासलेला पीट मिरवतच होता, आणि पॉलिश लावलेली चोच पाहून हसणाऱ्या कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

आपल्या घरी हे भाग पाहायचे तर मुलांबरोबर बसून पाहा. लूकचा दहावा अध्याय मराठीत वाचायचा असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे, भाषा अगदी आपली. मुलं विचारतील की या गोष्टीत आपण कोण. आमच्या एका स्नेह्यांच्या घरी हा प्रश्न आला तेव्हा आजोबा म्हणाले, आपण बदक, बाहेरून आलेले. नातीने विचारलं, मग मंडळात कुणी नवं आलं की तुम्ही आधी आडनाव का विचारता? आजोबा चहा आणायला उठले.