घावनांची टेकडी

निगडीची दुर्गा टेकडी पाहिलीस ना? नसेल, तर येत्या रविवारी बाबांना पहाटे उठव. (हे काम टेकडी चढण्यापेक्षा अवघड आहे, ठाऊक आहे मला!)

वर पोचल्यावर सगळे झाडं बघतात, पक्षी बघतात, लांबवर पसरलेलं शहर बघतात. आपण मात्र पायांखाली बघायचं! तिथे काळाकभिन्न दगड आहे. ओळख पाहू, एके काळी हा दगड कसा होता?

पातळ! घावनाच्या पिठासारखा! आणि इतका गरम, की आपल्या घरचा तापलेला तवाही त्याच्यापुढे थंडगार.

झालं असं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर हिंडत होते तेव्हा, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून लाव्हा वर आला. चित्रातल्यासारखा टोकदार ज्वालामुखी नव्हता हं! उतू गेलेलं दूध ओट्यावर पसरतं ना, तसा तो पसरला. गार झाला, दगड झाला. पुन्हा आला, त्याच्यावर पसरला. पुन्हा आला! आजी घावनावर घावन रचते, तशी थरांची ही भली मोठी चळत.

मग पावसाने आणि नद्यांनी लाखो वर्षं ती चळत कोरली. उरल्या त्या आपल्या टेकड्या! देहूजवळचा भंडारा डोंगर आणि चाकणजवळचा भामचंद्र डोंगर, जिथे तुकाराम महाराज चिंतनाला बसायचे, तेही याच चळतीतले. घोरावडेश्वराच्या डोंगरात तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी लेणी झाली. खोल्या बांधल्या नाहीत, दगडातच कोरल्या. छिन्नी-हातोड्याने!

यातला कडक थर सहज झिजत नाही, त्याचा कडा होतो. मऊ थर झिजतो, त्याचा उतार होतो. म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. या साऱ्या दगडाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप म्हणजे उंदराचा सापळा? छे! स्वीडिश भाषेत 'ट्रापा' म्हणजे जिना!

आता खरी गंमत. घावनाला जाळी पडते, हो ना? तशीच लाव्हालाही पडली! त्यातले वायूचे बुडबुडे वर यायला धडपडत होते, तेवढ्यात लाव्हा घट्ट झाला. बिचारे आतच अडकले. पुढे त्या भोकांत पाणी झिरपलं. पाण्यात विरघळलेली खनिजं आत साठली आणि त्यांचे झाले चमचमते स्फटिक! पांढरे, गुलाबी, हिरवट. वाघोलीच्या दगडखाणीत तर कॅव्हनसाइट नावाचं निळंशार खनिज सापडलं. जगभरचे संग्राहक त्यासाठी वेडे होतात.

यातल्या पुष्कळ स्फटिकांचं नाव झिओलाइट. 1756 मध्ये क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने असा एक दगड तापवला. आणि काय! दगड बुडबुडायला लागला, वाफ निघाली! म्हणून त्याने ग्रीक भाषेतून नाव शोधलं, 'उकळणारा दगड'.

पण कोरड्या दगडात पाणी आलं कुठून? अरे, भोकात बसलेल्या या दगडालाही भोकं असतात! इतकी बारीक, की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसायची नाहीत. पाणी त्यांत लपून बसतं. कपडे धुण्याच्या काही पावडरींत कारखान्यात बनवलेला झिओलाइट घालतात. पाण्यातला कॅल्शियम तो त्या भोकांत पकडून ठेवतो.

टेकडीवरचा दगड मात्र फोडायचा नाही हं. गरजच नाही! आपल्याकडे जिकडेतिकडे इमारतींची कामं चालू आहेत. रस्त्याकडेला खडीचा ढीग दिसला, की थांब. ती खडी म्हणजे हाच दगड, यंत्रात फोडलेला. एकेक खडा उलटून बघ.

एखाद्यावर साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला? तोच तो! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी फुटायचा राहून गेलेला बुडबुडा!