कोंबडीची पिशवी आणि रक्तातील रक्षक

कोंबडीच्या आतड्याच्या अखेरीस, गुदद्वारानजीक, एक लहानशी पिशवी असते. पादुआ येथील शारीरविद् फाब्रिशियस याने केलेले तिचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १६२१ साली, प्रसिद्ध झाले. पिशवीला त्याचे नाव लाभले. तिचे कार्य मात्र तीन शतकांहून अधिक काळ कोणासही उलगडले नाही. पक्षी वयात येताच ती आक्रसून जाते, म्हणून तिची कोणी फारशी दखलही घेतली नाही.

अमेरिकेतील ओहायओ राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक या तरुण संशोधकाने काही पिलांची ही पिशवी काढून टाकली होती. त्याचा सहकारी टिमोथी चँग यास विद्यार्थ्यांना प्रतिपिंडे दाखवावयाची होती. जंतू शरीरात शिरले असता त्यांना नेमके चिकटणारी जी प्रथिने रक्तात निर्माण होतात, तीच प्रतिपिंडे. चँगने ग्लिकच्या कोंबड्या मागून घेतल्या, त्यांना साल्मोनेला जंतू टोचले आणि प्रात्यक्षिक साफ फसले. कित्येक कोंबड्या दगावल्या. पिशवी काढलेल्यांपैकी ज्या वाचल्या, त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली नाहीत. वर्गातील फजिती म्हणून ही गोष्ट सोडून देणे सोपे होते. उभयतांनी प्रयोग पुन्हा केला. एका नामांकित नियतकालिकाने त्यांचा निबंध परत पाठविला. अखेर १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापला गेला. वैद्यकातील मंडळी असली नियतकालिके सहसा चाळीत नसत.

उरोस्थीमागे असणारी यौवनलोपी ग्रंथी, म्हणजे थायमस, हीदेखील अशीच उपेक्षित होती. १९६१ साली लंडन येथे जाक मिलर यांनी नवजात उंदरांची ही ग्रंथी काढली. त्यांच्या लसीकापेशी घटल्या, ते रोडावून मरू लागले आणि परक्या वंशाच्या उंदराची लावलेली कातडी त्यांचे शरीर झिडकारीना.

१९६५ साली मिनेसोटा येथे मॅक्स कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांवर प्रयोग करून या दोन धाग्यांची गाठ घातली. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या लसीकापेशींची प्रत्यक्षात दोन कुले आहेत. थायमसमध्ये परिपक्व होणाऱ्या त्या टी पेशी. पिशवीत, म्हणजे बर्सामध्ये, घडणाऱ्या त्या बी पेशी. माणसास ती पिशवी नाही. त्याच्या बी पेशी अस्थिमज्जेत निर्माण होतात.

जंतूंना प्रथम तोंड देतात त्या गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी. गिळलेल्या जंतूचे तुकडे काही पेशी आपल्या पृष्ठावर मांडून टी पेशींना दाखवितात. प्रतिपिंडे बनवितात बी पेशीच. परंतु साहाय्यक टी पेशींचा इशारा मिळाल्यावाचून बहुतेक प्रथिनांविरुद्ध त्यांचे काम नीट चालत नाही. विषाणूने ग्रासलेल्या पेशींचा नाश मारक टी पेशी करतात. त्यांनाही या साहाय्यकांचे पाठबळ लागते.

हे साहाय्यक किती मोलाचे आहेत, हे एचआयव्हीने भयानक रीतीने दाखवून दिले. हा विषाणू नेमका साहाय्यक टी पेशींत शिरतो. निरोगी प्रौढाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारणपणे ५०० ते १,५०० असतात; ही संख्या २०० च्या खाली गेली की एड्सची अवस्था मानतात. बी पेशी असतात, भक्षकही असतात. तरी एरवी निरुपद्रवी ठरणाऱ्या बुरशा फुप्फुसात वाढू लागतात. भारतात अशा रुग्णास बहुधा गाठतो तो क्षय. औषधांनी विषाणूची वाढ रोखली, म्हणजे साहाय्यक पेशींची संख्या हळूहळू पुन्हा वाढू लागते.