छपराखालची भिंत

कौलारू घराचें चित्र काढावयास सांगितलें, तर लहान मूलही चौकोन काढून त्यावर त्रिकोण ठेवतें. परंतु त्या त्रिकोणाच्या पोटांत माळ्याची खोली करावयाची झाली, म्हणजे मोठ्या माणसांचाही अंदाज चुकतो. माळा तयार होतो, पण आंत उभें राहतांना डोकें वाशाला लागतें. आणि अभ्यासाच्या खोलीसाठीं खर्चलेला पैसा अडगळीच्या कामीं येतो. हा प्रसंग टाळण्यास संगणकाचें चांगलें साहाय्य होतें. एमान्युएल प्युबारे या फ्रेंच गृहस्थांची 'स्वीट होम थ्री-डी' ही आज्ञावली इ. स. २००६ पासून विनामूल्य मिळते. तींत जमिनीवर भिंतींच्या रेषा आखल्या कीं पडद्यावर घर उभें राहतें. तींत माळा कसा आखावा, हें येथें थोडक्यांत सांगूं.

खालच्या मजल्यावर भिंतीची उंची आपण ठरवितों. माळ्यावर ती छप्पर ठरवितें. म्हणून आधीं कागदावर तीन मापें लिहावीं. माळ्याची रुंदी ६ मीटर, कडेच्या भिंतीची उंची १ मीटर आणि आढ्याची उंची ३ मीटर आहे, असें समजूं. म्हणजे कडेपासून आढ्यापर्यंतच्या ३ मीटरांत छप्पर २ मीटर चढतें. उंची वाशाच्या खालच्या अंगापर्यंत मोजावी, कौलांच्या माथ्यापर्यंत नव्हे.

आतां घराच्या टोकाची त्रिकोणी भिंत घेऊं. या आज्ञावलींत एका भिंतीला दोनच उंच्या देतां येतात, आरंभाची व शेवटाची. म्हणून मध्यें शिखर असलेली भिंत दोन तुकड्यांत आखावी. पहिला कडेपासून आढ्याखालच्या बिंदूपर्यंत, दुसरा तेथून समोरच्या कडेपर्यंत. भिंतीवर दोनदां टिचकी मारली म्हणजे मापांची चौकट उघडते. तींत उतरत्या भिंतीचा प्रकार निवडून पहिल्या तुकड्यास १ व ३, आणि दुसऱ्यास ३ व १ अशा उंच्या द्याव्या. उतार उलटा दिसला, तर भिंत कोणत्या टोकाकडून आखली तें पाहून आंकडे बदलावे.

आढ्याला समांतर असलेल्या भिंतीची उंची सर्वत्र सारखी असते. कडेपासून दीड मीटरावर ती २ मीटर येते. परंतु भिंत १० सेंटिमीटर जाड असेल आणि तिचा माथा सपाट असेल, तर कडेकडील अंगानें ती छपरांतून सुमारें ३ सेंटिमीटर वर डोकावते. तेव्हां उंची त्याच अंगाकडे मोजून १.९६ मीटर द्यावी.

छपरासाठीं पेटीसारखी चपटी वस्तु घेऊन ती सुमारें ३४ अंशांनीं कलती करावी. पाख्याची लांबी पायथागोरसच्या सिद्धांतानें काढावी: ३ चा वर्ग ९, २ चा वर्ग ४, बेरीज १३; तिचें वर्गमूळ सुमारें ३.६ मीटर. वळचणीसाठीं बाहेर येणारा भाग यांत निराळा मिळवावा.

एवढ्या खटाटोपाचें फळ कोणतें? ताठ उभें राहण्यास १.८ मीटर उंची लागते असें धरूं. आपल्या माळ्यांत ती कडेपासून १.२ मीटरावर मिळते. म्हणजे ६ मीटरांपैकीं मधला ३.६ मीटरांचा पट्टा वावरण्यास उरतो. आतां काटकसर म्हणून उतार तोच ठेवून कडेची भिंत ६० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें दोन फूट, कमी केली, तर पट्टा केवळ १.८ मीटरांचा राहतो! दोन फूट भिंत वाचविली आणि अर्धी खोली गेली.

हा हिशेब शाळेंतील भूमितीचाच आहे. संगणक आपण दिलेले आंकडे निमूटपणें मानतो. ते बरोबर आहेत कीं नाहींत, हें आपणच पाहावयाचें असतें. ज्यांच्या घरीं माळ्याचा विचार चालू असेल, त्या विद्यार्थ्यांनीं वडील मंडळींजवळ बसून गवंड्याला बोलावण्यापूर्वीं हा हिशेब एकदां मांडून दाखवावा.