पाळी आली नाही, ती अंगावर पाजते म्हणूनच का?

"अगं, अंगावर पाजतेस ना? मग पाळी कशी येणार!" बाळ आठ महिन्यांचे झाले तरी पाळीचा पत्ता नाही, म्हणून सून काळजीत पडली की सासूबाई अशी समजूत घालतात. त्यात तथ्य आहे. मूल अंगावर पिते तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन वाढते. त्याने दूध तयार होते आणि बीजकोषांचे काम मंदावते. बाळाला वरचे अन्न सुरू झाले, रात्रीचे पाजणे कमी झाले, की पाळी परत येते. कुणाला तिसऱ्या महिन्यात, कुणाला वर्षाने.

पण इथेच दोन गोष्टी नजरेआड होतात.

पहिली म्हणजे दिवस राहणे. बीज पाळीच्या आधी सुटते, म्हणून पाळी न येताही दिवस जाऊ शकतात. बाळ ६ महिन्यांच्या आतले, फक्त अंगावर पिणारे आणि पाळी सुरू न झालेली, या तिन्ही गोष्टी असतील तरच पाजण्याचा भरवसा धरावा. एरवी लघवीची तपासणी आधी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट थायरॉइडची. गळ्यातली ही लहानशी ग्रंथी बाळंतपणानंतरच्या वर्षात शंभरांतल्या सुमारे ५ जणींची बिघडते. आधी काही दिवस छाती धडधडते, घाम सुटतो, वजन उतरते. मग चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास उलटे होते: थकवा, थंडी वाजणे, बद्धकोष्ठ, केस गळणे, मन उदास. दूधही कमी होऊ शकते, पाळी लांबते. घरात मात्र "बाळंतपणानंतर आळशी झाली" एवढेच ऐकायला मिळते!

रक्ताच्या टी.एस.एच. तपासणीने हे कळते. डॉक्टरांनी थायरॉक्सिनची गोळी दिली तर पाजणे बंद करू नका. बाळाला ती बाधत नाही. सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यावी, चहा अर्ध्या-एक तासाने. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या ४ तासांनी. बऱ्याच जणींची ग्रंथी वर्ष-दीड वर्षात पूर्ववत होते, काहींना गोळी कायमची लागते. म्हणून बरे वाटले तरी आपल्या मनाने ती सोडू नये.

नवव्या महिन्यात गोवराच्या लशीसाठी बाळाला घेऊन आपण दवाखान्यात जातोच. त्या दिवशी बाळाबरोबर आपलेही दुखणे सांगा. ते सांगायला लाजायचे कशाला?