यंत्राने पायरी केव्हा गाळावी?

बँकेचे दार सायंकाळी बंद होते, पण हिशेबाचे मोठे काम त्यानंतरच सुरू होते. दिवसभराच्या नोंदी क्रमाने लावावयाच्या, त्या तपासावयाच्या, खात्यांवर चढवावयाच्या आणि मग पत्रके छापावयाची. अनेक मोठ्या बँकांत व विमा कंपन्यांत ही कामे आजही 'मेनफ्रेम' नावाच्या मोठ्या संगणकावर रात्री गठ्ठ्याने केली जातात. त्या वेळी प्रत्येक पायरीपाशी माणूस उभा नसतो. मग मधलीच एखादी पायरी बिघडली, तर पुढचीने काय करावे हे कोणी ठरवावयाचे? प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो. परंतु आपल्या पासबुकातील आकडा त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो, म्हणून आज आम्ही तो येथे घेतला आहे.

आरंभीच्या संगणकांवर एकेक काम माणूस हाताने लावून देत असे, आणि दोन कामांच्या मध्ये ते महागडे यंत्र रिकामे बसे. १९५६ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपन्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी एक व्यवस्था तयार केली. कामे ओळीने लावून ठेवावीत आणि एक संपताच दुसरे आपोआप सुरू व्हावे, ही त्यामागील कल्पना. पुढे ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने 'सिस्टिम ३६०' ही यंत्रमालिका जाहीर केली, आणि तिच्या कार्यप्रणालीबरोबर 'जॉब कंट्रोल लँग्वेज', म्हणजेच जेसीएल, ही आज्ञांची भाषा आली. कोणती आज्ञावली कोणत्या क्रमाने चालवावी आणि तिला कोणती फाईल द्यावी, हे या भाषेत सांगावयाचे. त्या काळी हे भोके पाडलेल्या कार्डांवर लिहीत. कार्डे गेली, पण आज्ञेच्या आरंभीच्या दोन तिरक्या रेघा आजही तशाच आहेत.

आता पायऱ्या एकमेकींशी बोलतात कशा ते पाहू. प्रत्येक आज्ञावली काम संपविताना एक अंक मागे ठेवते. त्याला 'रिटर्न कोड' म्हणतात; आपण निकालांक म्हणू. शून्य म्हणजे सर्व ठीक, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे चूक, १२ म्हणजे गंभीर चूक आणि १६ म्हणजे काम पुढे नेणे अशक्य, असा संकेत आहे. हे चारचे टप्पे का, अशी शंका सहज येईल. त्या यंत्रावर दुसऱ्या जागी उडी मारण्याची आज्ञा चार बाइट जागा व्यापीत असे. अशा आज्ञांची यादी करून ठेवली, की निकालांक जितका तितके पुढे सरकून नेमकी हवी ती आज्ञा गाठता येई. यंत्राच्या सोयीतून निघालेली ही रीत पुढे शिष्टाचार होऊन बसली.

या निकालांकाकडे पाहून पुढची पायरी चालवावी की नाही, हे सांगण्यासाठी जेसीएलमध्ये 'कॉन्ड' नावाची अट असते. तिचा रोख मात्र आपल्या अपेक्षेच्या उलट असतो. पायरी केव्हा चालवावी हे ती सांगत नाही. केव्हा गाळावी हे सांगते. '४, लेस दॅन' असे लिहिले, तर यंत्र विचारते, 'चार हा आधीच्या निकालांकापेक्षा लहान आहे काय?' उत्तर 'होय' आले की पायरी गाळली जाते. म्हणजे निकालांक ४ किंवा त्याहून कमी असेल तरच काम पुढे जाते. हे वाचताना अनुभवी माणसेही क्षणभर थबकतात. या कार्यप्रणालीच्या उभारणीचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी २०१० सालच्या आपल्या पुस्तकात जेसीएलची गणना अत्यंत वाईट भाषांत केली आहे, आणि ती आपल्याच देखरेखीखाली घडली हेही प्रांजळपणे मान्य केले आहे.

कोणी म्हणेल, 'चांगले असेल तर कर' आणि 'वाईट असेल तर करू नकोस' यांत फरक तो काय? फरक आहे, आणि तो स्वयंपाकघरातही दिसतो. 'दूध नासले असेल तर खीर करू नकोस' असे सांगून गृहिणी बाहेर गेली, आणि त्या दिवशी दूधवाला आलाच नाही. शब्दशः वागणारा स्वयंपाकी काय करील? दूध नासलेले नाही, तेव्हा मनाई लागू नाही. तो चूल पेटवून पातेले चढवील! यंत्र असाच स्वयंपाकी आहे.

समजा, नोंदी क्रमाने लावण्याची पहिली पायरी १६ हा निकालांक देऊन फसली. तपासणीच्या दुसऱ्या पायरीला 'पहिलीचा निकालांक शून्य नसेल तर गाळ' असे सांगितले होते. ती बरोबर गाळली गेली. तिसरी पायरी खात्यांवर नोंदी चढविण्याची. तिची अट फक्त दुसरीसंबंधी: 'तपासणीचा निकालांक शून्य नसेल तर गाळ.' पण तपासणी झालीच नाही. जी पायरी चालली नाही तिला निकालांकच नसतो, आणि यंत्र अशी अट सोडून देते. तिसरी पायरी खुशाल चालू लागते. कालची तपासलेली फाईल जागेवर राहिली असेल, तर कालच्याच नोंदी पुन्हा चढतील. काल कोणी औषधासाठी पाचशे रुपये काढले असतील, तर ते आज दुसऱ्यांदा वजा होतील, आणि त्या रात्री कोणाच्या लक्षातही येणार नाही.

यावर उपाय आहेत. अटीत पायरीचे नाव न घातल्यास ती आधीच्या सर्व पायऱ्यांच्या निकालांकांना लागू होते. मग पहिलीचे १६ तिसरीलाही अडविते. १९९० च्या सुमारास 'इफ, देन, एल्स' अशी सरळ रचनाही आली. तीत 'तपासणीचा निकालांक शून्य असेल तर चढव' असे लिहिता येते; तपासणी झालीच नसेल तर ही अट खोटी ठरते आणि खाती सुरक्षित राहतात. एखादी पायरी निकालांक न देता मध्येच कोसळली, तर पुढच्या पायऱ्या सामान्यतः गाळल्या जातात. तरीही जी चाललीच पाहिजे तिला 'इव्हन', आणि केवळ अशा अपघातानंतरच जी चालवावयाची तिला 'ओन्ली' असा शब्द जोडतात.

एवढे करूनही एक गोष्ट उरते. निकालांक शून्य आला म्हणजे काम बरोबर झाले असे नव्हे. आज्ञावलीने तक्रार केली नाही, इतकाच त्याचा अर्थ. रिकामी फाईल आली तरी ती क्रमाने लावून शून्य देणारी आज्ञावली खोटे बोलत नसते. तिला तेवढेच विचारलेले असते.

म्हणून रात्रीचे काम यंत्रावर सोपविणाऱ्याने दिवसाउजेडी बसून प्रत्येक पायरीपाशी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. आधीचे काम नीट झाले तर काय? चुकले तर काय? आणि झालेच नाही तर काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा लिहिलेली सापडतात. तिसऱ्याचे उत्तर लिहावयाचे राहते, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी पासबुक घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला त्याचा भुर्दंड सोसावा लागतो.