जुन्या मोटारसायकलीचा जीर्णोद्धार आणि अस्सलपणाची परीक्षा

जीर्णोद्धार केलेली जुनी मोटारसायकल अस्सल आहे किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता हौशी संग्राहकांचा व व्यापाऱ्यांचा वाटतो. वस्तुतः तो पुराव्याच्या मीमांसेचा प्रश्न होय. ताम्रपटाची परीक्षा करताना लिपी, राजवंश व कालगणना यांचा मेळ जसा पाहावा लागतो, तसाच येथे कागद, धातू व घडण यांचा मेळ पाहावा लागतो.

कागदांपासून आरंभ करणे सोयीचे. या बाबतीत भंडारा जिल्ह्याची स्थिती मोठी उद्बोधक आहे. हा जिल्हा १९५० पर्यंत मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. २६ जानेवारी १९५० पासून मध्यप्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. गोंदिया त्यापासून वेगळा झाला तो १९९९ साली. तेव्हा १९५२ साली भंडाऱ्यास नोंदलेल्या गाडीच्या कागदावर मुंबई राज्याचे नाव असेल, किंवा १९६५ च्या दाखल्यात गोंदिया हा जिल्हा म्हणून नमूद असेल, तर तो कागद मागाहून तयार झाला असे निःशंक म्हणता येते. उलट, गाडीवर एमएच-३६ हा क्रमांक असणे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ही पद्धती १९८९ नंतरची असल्याने जुनी गाडी पुन्हा नोंदली गेली, इतकाच त्याचा अर्थ.

कागदानंतर यंत्र. भारतात सर्वाधिक घोटाळा ‘बुलेट’च्या बाबतीत संभवतो, आणि त्याचे कारण लबाडीत नसून इतिहासात आहे. रॉयल एनफील्ड कंपनीची ३५० बुलेट इंग्लंडात रेडिच येथे तयार होई. १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडियाची स्थापना झाली. प्रथम आयात सुट्या भागांची जुळणी आणि पुढे संपूर्ण निर्मिती तेथे होऊ लागली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, परंतु मद्रासची बुलेट त्याच आराखड्यावर अनेक दशके निघत राहिली. दोहोंचा सिलिंडर ७० मिलिमीटर व्यासाचा, धाव ९० मिलिमीटरची, क्षमता ३४६ घनसेंटिमीटर. साहजिकच एकीचे भाग दुसरीस बेमालूम बसतात. मद्रासची पुष्कळ उत्तरकालीन गाडी, टाकीवर जुने बोधचिन्ह लावून, रेडिचची म्हणून मिरवू शकते. (पितळेच्या कामासाठी ख्यात असलेल्या भंडाऱ्यासारख्या गावी असे चिन्ह ओतून घेणे तर मुळीच अवघड नाही.)

अशा वेळी सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक निर्णायक ठरतात. रेडिचच्या पाठवणी-नोंदवह्या इंग्लंडातील रॉयल एनफील्ड ओनर्स क्लबकडे असून त्यांत क्रमांक ताडून पाहता येतो. मात्र क्रमांकच घासून नवा ठोकलेला असण्याचा संभव असतो. ठोकलेल्या अंकाखालील धातू दबून त्याची रचना बदललेली असते. पृष्ठभाग घासला तरी तो फरक काही खोलीपर्यंत उरतो आणि योग्य आम्लद्रवाच्या प्रयोगाने पुसलेले अंक पुष्कळदा पुन्हा दिसू लागतात.

युद्धकालीन बीएसए एम-२० ची परीक्षा त्या मानाने सोपी. ४९६ घनसेंटिमीटरच्या या लष्करी गाडीस पुढे गर्डर फोर्क असे. युद्धकाळातील म्हणून दाखविलेल्या गाडीस दुर्बिणीसारखे सरकणारे टेलिस्कोपिक फोर्क असतील, तर ते युद्धोत्तर होत.

रंगाच्या थरांकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. याच जिल्ह्यात पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. तेथे थरांचा क्रम हाच कालनिर्णयाचा आधार होता. गाडीचेही तसेच आहे. टाकी, चिखलरोधक व सांगाडा यांचे सर्वांत खालचे थर एकमेकांशी जुळत नसतील, तर ते भाग निरनिराळ्या गाड्यांतून आले असावेत, अशी शंका घेण्यास जागा होते. ती शंका पक्की मात्र नव्हे, कारण लष्करी गाड्या वारंवार रंगविल्या जात. वाळूच्या फवाऱ्याने गाडी लखलखीत करणारा कारागीर हा पुरावा एका दुपारी नाहीसा करतो, आणि दुर्दैवाने मालक त्याबद्दल त्यास अधिक मजुरी देतो.

मोलाचा विचार येथूनच सुरू होतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेली ट्यूरिन सनद नूतनीकरणापेक्षा जतनाकडे झुकते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंविषयी घेतलेली हीच भूमिका. भारतीय नियमांचाही रोख तोच. १५ जुलै २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, बांधणी वा इंजिन यांत भरीव फेरबदल न झालेले वाहनच ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. तेव्हा मद्रासच्या इंजिनावर उभी केलेली ‘रेडिच’ बुलेट केवळ बाजारातच उतरत नाही, तर या वर्गातील तिची नोंदणीही धोक्यात येते. याउलट बदललेल्या प्रत्येक भागाची तारीखवार नोंद व काढलेले जुने भाग ज्याने जपले आहेत, त्याची फिकट, ओरखडे पडलेली गाडी जाणकार ग्राहक अधिक किमतीस घेतो.